उसना प्राण

आमच्या वाडीतले भटजी कुणाच्याही घरी गेले की पाळण्यात निजलेल्या पोराच्या नाकाखाली बोट आडवं धरायचे. क्षणभर थांबायचे आणि श्वास लागला की समाधानाने म्हणायचे, "आसा." म्हणजे, आहे. गोठ्यातलं नवं वासरू असो की ओसरीवर डुलकी लागलेले माझे वडील, बोट गेलंच म्हणून समजा. वडील एकदा दचकून उठले आणि चांगलेच भडकले. "मी मेलंय असा वाटला काय तुमका?"

"नाय हो. आसा ता बघून बरा वाटता," भटजी म्हणाले आणि वडिलांनाच चहा मागितला.

तुम्ही म्हणाल, विक्षिप्त माणूस. होतेच. पण चतुर्थीच्या सकाळी त्यांना पाहायला हवं होतं. मातीच्या गणपतीच्या छातीवर हात ठेवून ते प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हणू लागले की त्यांचा आवाज खाली खाली यायचा, आणि मोदकांच्या घाईतल्या बायकासुद्धा दारात येऊन गप्प उभ्या राहायच्या. शेवटी सोंडेखाली बोट. "आसा. करा आरती." तोवर आमच्याकडे कुणी टाळ उचलत नसे.

त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये फक्त एक दगडी गडगा. त्यावर बसून मी एकदा विचारलं, "भटजीनूं, ह्यो प्राण हाडतास खंयसून?"

"खंयसून म्हणजे? माझ्यातलो. वायच उसनो देतंय. विसर्जनाआधी मूर्ती जराशी हलवलंय की परत घेतंय."

पंचप्राणही त्यांनी मला तिथेच शिकवले. "एका घरात पाच भाऊ. एक श्वास घेता, एक नको ता भायर टाकता, एक जेवण जिरवता, एक अंगभर फिरता. पाचवो उदान, तो गप रवता. जावच्या वेळाक तोच दार उघडता."

एका वर्षी भलतंच झालं. ओहोटी लागेल या धास्तीने एका घरातल्यांनी उत्तरपूजेची वाट न पाहता गणपती उचलला आणि थेट खाडी गाठली. भटजी दुसऱ्या घरी होते. कळलं तसे सोवळं सावरत, वाटेतल्या चिखलात घसरत धावले. मूर्ती गुडघाभर पाण्यात गेलेली. "थांबा रे!" ते काठावरून ओरडले. "माका बुडयतास काय?" सगळे पोट धरून हसले. भटजी हसले नाहीत. पाण्यात उतरले, मूर्तीला हात लावून तिला हलवलं, सोंडेखाली बोट धरलं. "गेलो. आता सोडा."

पुढे त्यांना दम्याने धरलं. झोळीत दर्भांच्या जुडीशेजारी पंप आला. त्यांची बायको, आमच्या काकू, चिडायच्या, "सगळ्या वाडीक वाटीत सुटलास, माका काय ठेवलास?" दुपारी ते आडवे झाले की काकूच आता त्यांच्या नाकाखाली बोट धरायच्या. आमच्या पडवीपर्यंत आवाज यायचा, "आसंय गो! निजाक दी."

गेल्या चतुर्थीला डॉक्टरांनी त्यांना घराबाहेर पडू नका म्हणून बजावलं होतं. ते ऐकणार होते थोडेच! मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून घरोघर नेलं. त्यांचा श्वास माझ्या मानेला लागत होता, मध्येच अडत होता, आणि तो पुन्हा लागेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. आमचं घर शेवटचं. तिथला "आसा" ओठांवरूनच ओळखावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी गडग्यापलीकडून हाक मारली. "जरा येऊन बघ रे. माझ्या बोटाक काय लागणा नाय."

दुपारी स्मशानातून आलो, आंघोळी केल्या. घरोघरी दीड दिवसाचे गणपती वाट पाहत होते. शेजारच्या गावचे भटजी येतो म्हणाले, पण अडचण मंत्रांची नव्हती. उसनं दिलेलं परत घेणारा माणूसच नव्हता. कुणाचा हात मूर्तीकडे जाईना. राहू देत पाच दिवस, असंही कुणी म्हणालं. मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू?

काकू सुतकात, त्यामुळे गडग्याच्या पलीकडेच उभ्या होत्या. मी जाऊन विचारलं.

"ठेवू नकात," त्या म्हणाल्या. "घराघरात अडकवन ठेवलास तर ते जातले कशे? हालवा आणि सोडा. मी सोडलंय, तुमका काय झाला?"

मी आमच्या घरात आलो. दार-खिडक्या उघड्या होत्या. मूर्ती जराशी हलवली आणि सोंडेखाली बोट धरलं. बोटाला वारा लागला. खाडीवरून येतो तोच, रोजचा. मागे सगळी वाडी टाळ धरून उभी. मला "गेलो" म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "आसा."

गडग्यापलीकडून काकूंचा आवाज आला, "परत बघ."

मी परत बोट धरलं. बराच वेळ धरलं. मग म्हणालो, "गेलो."

तेव्हा कुठे काकूंनी पदर तोंडाला लावला, आणि आम्ही गणपती उचलला.