आधी उडी, मग चेंडू

व्हॉलीबॉलमध्ये स्मॅशर एकटा काहीच करू शकत नाही. त्याला चेंडू कोणीतरी द्यावा लागतो. जाळीजवळ उभा राहून बोटांवर चेंडू उचलून देतो त्याला आमच्याकडे लिफ्टर म्हणतात. तो चेंडू उडी मारून पलीकडे आपटतो तो स्मॅशर. टाळ्या स्मॅशरला पडतात. एवढे शाळकरी पोरालाही कळते. ज्यांना ते कळत नव्हते, किंवा कळत असून गैरसोयीचे होते, अशा माणसांच्या शेजारी मी एक दिवस बसलो. त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही.

तेव्हा शहराचे नाव औरंगाबाद होते. मी एका मराठी दैनिकाचे क्रीडापान सांभाळत होतो. एक व्यावसायिक लीग नव्याने सुरू होणार होती आणि तिचे संघ महाविद्यालयांतून मुले घेणार होते. पद्धत अशी होती: ठिकठिकाणी चाचण्या घ्यायच्या, त्यांतून नावांची यादी करायची आणि त्या यादीतून संघांनी आळीपाळीने खेळाडू उचलायचे. यादीत नाव नसलेल्या मुलाला कोणताच संघ घेऊ शकत नव्हता. आमच्या भागाची चाचणी शहरातल्या एका बंदिस्त हॉलमध्ये ठेवली होती. स्थानिक निरीक्षक म्हणून मला बोलावले. मी छावणीत वाढलो, तिथल्या मैदानावर जवानांच्या संघांबरोबर खेळलो, कॉलेजात लिफ्टर होतो. मला वाटले, म्हणून बोलावले असेल. खरे कारण दुसऱ्या दिवशीच्या पानावर फोटो यावा, हे होते.

या चाचणीत मला एकाच खेळाडूची उत्सुकता होती. गंगापूरच्या कॉलेजातला, शेवटच्या वर्षाचा स्मॅशर. वडील गंगापूर ते औरंगाबाद काळी-पिवळी जीप चालवायचे. परीक्षा संपली की दुसऱ्या जीपवर मुलाने बसायचे, असे घरात ठरलेले होते. यादीत नाव आले तर तो बेत पुढे ढकलू, असे वडिलांनी कबूल केले होते. म्हणजे एका बाजूला यादी आणि दुसऱ्या बाजूला स्टिअरिंग. मधे दुसरा रस्ता नव्हता.

त्या वर्षी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी त्याला पाहिले होते. त्याचा लिफ्टर त्याच्याच वर्गातला होता. हा ताडासारखा उंच, तो त्याच्या खांद्यालाही न लागणारा. शाळेपासून दोघे एकाच मैदानावर. हा त्याला बुटक्या म्हणायचा, तो याला लंबू. त्यांच्या खेळात एक गोष्ट अशी होती की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती चूक वाटावी. चेंडू लिफ्टरच्या बोटांवर यायच्या आधीच स्मॅशर उडालेला असायचा. नेहमीचा क्रम उलटा असतो: चेंडू वर जातो, स्मॅशर त्याची उंची बघतो, मग उडतो. तेवढ्या वेळात पलीकडचे खेळाडूही हात वर करून भिंत उभी करतात. इथे भिंत उभी करायला वेळच मिळत नव्हता. हा हवेत, हात मागे खेचलेला, आणि चेंडू त्याच्या तळव्यासमोर येऊन हजर. याला क्विक म्हणतात. राज्य पातळीवरच्या संघांनाही तो इतक्या सफाईने जमत नाही. डोळे मिटून जिन्याची पायरी उतरावी तसा त्या लिफ्टरवर विश्वास लागतो.

लिफ्टरला चाचणीचे बोलावणे नव्हते. उंचीची अट होती आणि तो तिच्यात बसत नव्हता.

परीक्षक दोघे होते. एक जुना खेळाडू, आता दुसऱ्या शहरात प्रशिक्षण केंद्र चालवणारा. सगळे त्याला कोच म्हणत. दुसरा टॅबलेट घेऊन बसलेला विश्लेषक. हा प्रत्येक उडीचे चित्रण करायचा, पडद्यावर ती थांबवून रेघा ओढायचा आणि कोचला दाखवायचा. सकाळी उंची, भिंतीवर हात किती वर पोचतो ते, धावणे, ही मोजमापे झाली. गंगापूरचा मुलगा सगळ्यात वर पोचला. कोच म्हणाला, "बॉडी चांगली आहे." बाजारात बैल बघताना शेतकरी यापेक्षा जास्त बोलतो.

मग जाळीवरचा खेळ सुरू झाला. हॉलमध्ये लिफ्टर दोनच होते आणि दोघे कोचच्या केंद्रातले. स्मॅशरांपैकी चौघे त्याच केंद्रातले. बाकीचे बीड, जालना, कन्नड, गंगापूर इथून एकेकटे आलेले. केंद्राच्या मुलांना त्यांच्या सवयीचा चेंडू मिळत होता. बाहेरच्यांना उंच, सुरक्षित, सगळ्यांसाठी सारखा. बाहेरच्या मुलांनी तो कसाबसा मारला. गंगापूरच्या मुलाची पाळी आली तेव्हा तो सवयीप्रमाणे आधीच उडाला. तो खाली आला तेव्हा चेंडू अजून वर जात होता.

बाकावरून कोणीतरी ओरडले, "ओ गंगापूर! सीटा भरायच्या आधीच जीप काढली का?"

हॉल हसला. मुलगाही हसला. दुसऱ्यांदा तेच झाले. तिसऱ्यांदा त्याने स्वतःला थांबवले, तर उडी अर्धी झाली आणि चेंडू जाळीत गेला. त्यानंतर तो हसला नाही. विश्लेषकाने पडद्यावर त्याची उडी थांबवली, पायाखाली रेघ ओढली आणि म्हणाला, "टायमिंग नाही. दर वेळी लवकर."

मी कोचला म्हणालो, "तो लवकर उडत नाही. तो क्विकला उडतोय. चेंडू उशिरा येतोय."

"क्विक आम्हाला माहितीये, पत्रकारसाहेब."

"मग तसा चेंडू द्यायला सांगा."

"चांगला स्मॅशर कुठलाही चेंडू मारतो."

हे वाक्य ऐकायला शहाणपणाचे वाटते. ते खरे असते तर मोठ्या संघांनी चांगल्या लिफ्टरसाठी एवढी झोंबाझोंबी केलीच नसती. मी तसे म्हणालो. कोच माझ्याकडे न बघता म्हणाला, "खेळाडूला जुळवून घेता आलं पाहिजे."

"तुमच्या चौघांनी कोणाशी जुळवून घेतलं?"

त्याने पुढचे नाव पुकारले.

जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर आलो. फाटकासमोरच्या टपरीवर तो मुलगा उभा होता आणि त्याच्याबरोबर त्याचा बुटका लिफ्टर. हा सकाळच्याच जीपने सोबत आला होता. आत सोडले नाही म्हणून बाहेर थांबला होता. खिडकीच्या जाळीतून त्याने सगळे पाहिले होते आणि आता तो मित्राला झापत होता.

"थांबायला काय झालं रं तुला? चेंडू वर जाऊ दे, मग उड की."

"पाच वर्षं उशिरा उडलो की तूच शिव्या घातल्या. आता म्हणे थांब!"

"ते माझ्यासमोर. हितं मी हाय का?"

"पाय ऐकत नाय ना यार. दिमाग बोलता है रुक, पाय निघून जातात."

"मग पायाला सांग, आजचा लिफ्टर लई साहेब हाय, टाइम घेऊन येतो."

मी विचारले, "तू याला लिफ्ट द्यायला आत येशील?"

लिफ्टर म्हणाला, "मला कोण घेतं सर? उंचीत बसत नाय मी."

"निवडीसाठी नाही. याच्यासाठी."

त्याने पिशवीतून बूट काढले. मित्र म्हणाला, "बूट कशाला आणले होते रे?"

"असू दे. तुला काय करायचं?"

कोच आधी नाही म्हणाला. मी त्याला सांगितले की उद्याच्या बातमीत लिफ्टर कोणाचे होते, हेही येईल. तो हसला. "पेपरवाल्यांचा मान ठेवू. दहा मिनिटं." त्याच्या आवाजात उपकार होता, आणि तो मी घेतला.

ती दहा मिनिटे नीट सांगणे शक्य आहे, कारण त्यांत गुंतागुंत काहीच नव्हती. चेंडू लिफ्टरकडे आला, स्मॅशर हवेत होता, चेंडू जमिनीवर आपटला. पुन्हा तेच. कोचने जाळीपलीकडे आपले दोन उंच खेळाडू उभे केले. त्यांचे हात वर जायच्या आत चेंडू त्यांच्या मागे पडलेला असायचा. मग तिसरा उभा केला. लिफ्टरने मान उजवीकडे वळवली, तिघे उजवीकडे सरकले आणि चेंडू डावीकडून गेला. सकाळी जीपचा विनोद करणारा बाकावरचा मुलगा उभा राहून टाळ्या वाजवू लागला. विश्लेषक चित्रण करायचे विसरला. कोचनेही दोन वेळा टाळी वाजवली. ती मी पाहिली, म्हणून सांगतो.

बाहेर जाताना बुटका लिफ्टर मला म्हणाला, "झालं का सर काम?" मी म्हणालो, झालं असावं.

संध्याकाळी शेरे लिहिले गेले. इंग्रजीत. गंगापूरच्या मुलापुढे लिहिले होते: ओळखीच्या लिफ्टरसोबत उत्तम, जुळवून घेण्याची क्षमता कमी, विचार करू नये.

सकाळी चेंडू मिळाला नाही, तर टायमिंग नाही म्हणाले. दुपारी चेंडू मिळाला आणि त्याने तो मारला, तर लिफ्टर ओळखीचा होता म्हणाले. त्या दहा मिनिटांत त्याने जे सिद्ध केले त्याचेच त्याच्याविरुद्ध आरोपपत्र झाले होते. मी विचारले, केंद्राचे चौघे दिवसभर ओळखीच्या लिफ्टरसोबतच खेळले, त्यांच्या शेऱ्यात हा शब्द का नाही?

"ते प्रशिक्षित आहेत," कोच म्हणाला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे ते कुठंही बसतील."

"ते कुठं बसतात हे तुम्ही पाहिलंच नाही. दुसऱ्या लिफ्टरसमोर त्यांना एकदा तरी उभं केलं का?"

विश्लेषक टॅबलेट बंद करत म्हणाला, "सर, डेटा काय सांगतो ते बघा ना. इमोशनल होऊ नका."

मी सही केली नाही. स्थानिक निरीक्षकाची सही लागतच नाही, असे मला तिथेच समजले. दुसऱ्या दिवशी मी बातमीत लिहिले की दोन्ही लिफ्टर आणि यादीत गेलेले चारही स्मॅशर एकाच केंद्राचे आहेत आणि ते केंद्र परीक्षकाचे आहे. बातमी आली. लीगकडून किंवा केंद्राकडून फोन एकही आला नाही. खोटे आहे असे कोणी म्हणाले नाही, चुकले असेही नाही. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या अनेक बातम्यांचे असे झाले, पण त्या बातम्यांतल्या माणसांना मी फाटकाबाहेरून आत नेलेले नव्हते.

मुलाचा फोन त्याच दुपारी आला. शेरा काय होता, त्याने विचारले. मी जसाच्या तसा सांगितला. त्याने तो पुन्हा एकदा सांगायला लावला. मग म्हणाला, "सर, हे बुटक्याला सांगू नका. तो म्हणेल, मी आत आलो म्हणून झालं."

मी सांगितले नाही. पण ते त्याला कळायचे राहिले नाही. कॉलेजला शेऱ्यांची प्रत गेली होती.

परीक्षा झाल्यावर मुलगा जीपवर बसला. हिवाळ्यात कन्नडला खुल्या स्पर्धा असतात; मातीचे मैदान, भोवती माणसांचे कडे, ध्वनिक्षेपकावर गावकऱ्याचे समालोचन. बातमीसाठी गेलो तर दोघे एकाच संघात दिसले. मी पुढे जाऊन बसलो. क्विक बघायला मिळेल, या आशेने.

लिफ्टरकडे चेंडू आला. त्याने तो उंच दिला. सावकाश, जाळीपासून लांब, सगळ्यांसाठी सारखा. स्मॅशर खाली उभा राहिला, त्याने चेंडू पाहिला, मग उडी घेतली. पलीकडे भिंत तयार होती. चेंडू तिच्यावर आपटून परत आला. पुढचाही तसाच. अधूनमधून गुण मिळत होते, उंच आणि ताकदवान मुलाला मिळतात तसे. असे खेळाडू दर तालुक्यात दोन-चार असतात.

सामना संपल्यावर मी लिफ्टरला विचारले, "क्विक का देत नाहीस?"

तो बूट सोडत होता. मान वर न करता म्हणाला, "सवय लागाया पायजे ना सर त्याला. कुठलाबी लिफ्टर असंल तरी जमाया पायजे. माझ्या चेंडूनंच बिघडला तो."

"तुझ्या चेंडूनं काही बिघडलेलं नाही."

"तसं लिहून दिलंय त्यांनी."

स्मॅशर पाण्याची बाटली घेऊन आला. "सांगा सर ह्याला. किती वेळा बोललो, दे एक जुना. देत नाय साला."

"ट्रायल झाल्यावर देतो," लिफ्टर म्हणाला. "खुल्या गटातून जाता येतं म्हणतात पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी आमच्या शहरात चाचणी ठेवलेली नाही, हे मला कार्यालयात आलेल्या पत्रकावरून माहीत होते. मी ते दोघांना सांगितले. चाचणी कोचच्या शहरात, त्याच्याच केंद्रात होती.

"तिथं तर तिथं," लिफ्टर म्हणाला. "जीप हाय की याच्याकडं."

ध्वनिक्षेपकावर पुढच्या सामन्यासाठी त्यांच्या संघाचे नाव पुकारले. लिफ्टरने सोडलेले बूट पुन्हा बांधले. दोघे मैदानात गेले. पहिला चेंडू चांगला आला, अगदी लिफ्टरच्या हातात, क्विकला यावा तसा. स्मॅशरचे पाय हलले. लिफ्टर ओरडला, "थांब!" आणि तो थांबला.