पौषातला कांदा

पौष महिना. मारेगावात सकाळी बोलताना तोंडातून वाफा निघत होत्या, आणि मी बारावीच्या वर्गात घामानं निथळत उभी! तीन महिने हेच चाललं होतं. अचानक छातीतून आग उसळायची, डोकं भणभणायचं, आणि कुणी नुसतं हसलं तरी मी खेकसायची. जीवशास्त्र शिकवणारी बाई, पण स्वतःच्या अंगाचं काही कळेना.

सासूबाईंचं निदान मात्र पक्कं होतं. "तुले ऊन लागलं." भर थंडीत! त्यांनी माझ्या तळपायांना कांदा चोळला आणि एक कांदा पर्समध्ये कोंबला. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळेच जवळ कांदा बाळगतात, पण पौषात? त्या दिवशी घाम पुसायला पर्समधून रुमाल ओढला, तर कांदा उडाला आणि गडगडत पहिल्या बाकापाशी गेला. वर्ग खो-खो हसला. मी पुस्तक आपटलं, घरी आले आणि नोकरी सोडण्याचा अर्ज लिहून काढला. वीस वर्षांची नोकरी! डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते काही कांद्यामुळं नव्हतं.

"अर्ज देजो, पण आधी डॉक्टरले तर दाखव," नवरा म्हणाला.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन कमी होतं. मेंदूतल्या काही पेशी न्यूरोकायनिन-बी नावाचं इवलंसं पेप्टाइड बनवतात, त्यांना हेच इस्ट्रोजेन आवरून धरतं. आवरणारंच कमी झालं की त्या पेशी ते पेप्टाइड भसाभस सोडतात, आणि शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या पेशींना वाटतं, अंग पेटलं. म्हणून घाम. उपचार आहेत म्हणाल्या. मी कपाळावर हात मारला. हार्मोन्सचा धडा वीस वर्षं शिकवला, पण अंडाशयाच्या वर कधी सरकलेच नव्हते!

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, कांदा हरला म्हणून चिडतील. पण त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"मलेबी असंच होत होतं," त्या म्हणाल्या. "सारे म्हणत, बाई चिडखोर झाली, लेकरांवर वरडते. मंग अंगणवाडीतली नोकरी सोडली मी. म्हंजे... माहा सभाव खराब नव्हता?"

"नाही हो आई. अजिबात नव्हता."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात मला पुन्हा घाम फुटला. त्यांनी टेबलावरचा माझा अर्ज उचलला, दोन घड्या घातल्या आणि मला वारा घालू लागल्या.

"याचा एवढाच उपेग हाय," त्या म्हणाल्या. "उद्या गुमान कालेजात जाजो."