वाडीतल्या सापसुरळ्या मी झाडून काढल्या

मी आठवीत शाळा सोडली. परभणीकडून रेवदंड्याच्या या वाडीत पोचायच्या आधी उरणच्या कंटेनर यार्डात तीन वर्षं काढली. तिथे एक गोष्ट पक्की शिकलो : जमीन स्वच्छ दिसली की कोणी ओरडत नाही.

वाडी काकींची. नारळ, सुपारी आणि पाहुण्यांसाठी दोन खोल्या. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या पनवेलला निघाल्या, तेव्हा मला येऊन महिनाही झाला नव्हता. जाताना बजावलं, "नारळाची रोपं गेल्या पावसातली हायत. ती जगव. आधीच्या गड्याच्या वेळी गुरांनी खाल्ली, त्याला मी घरी धाडला." मला पंपाजवळची खोली दिली होती, आणि दोन वेळचं जेवण शेजारी सांगून ठेवलं होतं. परक्या मुलखात माझ्यासाठी एवढं कोणी केलं नव्हतं. ते सुटू नये या धास्तीने मी दुसऱ्याच सकाळी झाडू हातात घेतला.

वाडीत घोटाभर पाचोळा. त्यात झावळ्या, सुपारीची पानं, नारळाची सोडणं. मी ओढत गेलो आणि ढीग लावून पेटवत गेलो. खालून सापसुरळ्या पळायच्या. आमच्याकडे हिला सापाची मावशी म्हणतात. ती चाटली की माणूस गेला, असं लहानपणापासून ऐकलेलं. त्यात खोल्यांत पाहुणे. एखादी बाई किंचाळली तर बोल मलाच. दिसली की मी झाडूच्या दांड्याने हाणायचो. शेपूट तुटून एकटंच वळवळत राहायचं, आणि बाकीची सापसुरळी कधी निसटायची, कधी नाही. पाटाच्या कडेला, झाडांच्या आळ्यांत, रोपांच्या बुडाशी, कुठेच पान ठेवलं नाही.

काकींना फोन करून सांगितलं, "वाडी आरशासारखी केलीय."

मागे बाळ रडत होतं. "बरं बरं, कर," म्हणाल्या.

दीड महिन्याने आल्या. पिशवी ओट्यावर ठेवून चपलांसकट वाडीत शिरल्या आणि थांबल्या.

"पाचोळा कुठं हाय?"

"जाळला."

"सगळा?"

"रोज जाळत होतो, काकी." तेव्हाही मी शाबासकीचीच वाट बघत होतो.

त्या एका पिवळ्या पडलेल्या रोपाशी गेल्या आणि दोन बोटांनी त्याला ओढलं. ते अलगद हातात आलं. बुडखा पोखरलेला, आत वाळवी खदखदत होती. दुसरं ओढलं, तेही तसंच. रोपं पिवळी पडताना मी बघितली होती. ऊन लागतंय समजून पाणी वाढवत होतो.

"सापसुरळ्या दिसत न्हायत त्या?"

"मारल्या. पाहुणे घाबरतील म्हणून. विषारी असतात ना?"

"विष न्हाय रं तिला! पाहुणे चार दिस येतात नि जातात. ह्या बारा महिने हितं राबत व्हत्या. वाळवी, नाकतोडे, झुरळं, समदं खायच्या. आन् तो तांबड्या पंखांचा भारद्वाज रोज चालत यायचा पाचोळ्यात, त्याला काय खायला ठेवलंस? झाडू?"

मी खोलीत जाऊन कपडे पिशवीत कोंबायला लागलो. दारात काकी उभ्या.

"ही कशाला भरतोस? पोती घे. जा, शेजाऱ्यांकडनं पाचोळा घेऊन ये. दडायला जागा झाली की सापसुरळ्या परत येतील."

मग मी घरोघर कचरा मागत फिरलो. एक बाई सुनेला हाक मारून म्हणाली, "अगो, बघ, झाडूवाला आला! आमचं आंगण बी झाडून ने रं, तुला काय, हौस हाय." मी मान खाली घालून पोती भरली. पाठीवर घेतली की घामाने पाचोळा मानेला चिकटायचा. असे किती दिवस गेले, मोजले नाहीत. यार्डातही इतका थकलो नव्हतो. तिथे निदान चूक माझी नसायची.

पाचोळ्याचा थर पुन्हा जमला, तशा कुंपणाच्या गडग्याच्या दगडांतून सापसुरळ्या एकेक करून उतरल्या. आता मी फक्त बघायचो. मला सगळ्या सारख्या वाटलेल्या, पण तसं नव्हतं. गडग्यावर ऊन खात पसरते ती जाड, कडेने पट्टे असलेली. पाचोळ्यात तांब्याच्या भांड्यासारखी चकाकते ती लहान. शेणखताच्या ओलाव्यात एक अगदी बारीक, पाय असून नसल्यासारखे, लाल शेपटीची. तिला मी आधी गांडूळ समजलो. उरलेली रोपं ह्यांच्यामुळे वाचली की पाचोळ्यामुळे, की काकींनी बुडाशी नवी माती ओढली म्हणून, हे मला सांगता येणार नाही. निम्मी गेली ती गेलीच.

काकी त्यावर पुन्हा काही बोलल्या नाहीत, आणि मला तेच जास्त लागत होतं. मे महिन्यात एका दुपारी त्या सुपारी सोलत बसल्या होत्या. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"काकी, मी राहू की जाऊ? एकदा सांगून टाका."

त्यांनी मान वर केली नाही. "मेलेल्या रोपांच्या जागी नवी आणायचीत. खड्डे कोण खणणार, मी?"

हुश्श करायचंही त्राण माझ्यात नव्हतं. त्यांच्या पाया पडावं असं वाटलं, पण वाकलो असतो तर उठलो नसतो.

"किती खोल?" मी विचारलं.

"दोन हात. आन् आधी जेव."