कानशीने घासलेली कवळी

"कशानं घासलीत ही?" कवळी दिव्याखाली धरून मी विचारलं.

"कानशीनं," माझे पेशंट रावसाहेबबाबा म्हणाले. "इळ्याला धार लावायची हाय ना, ती. लई टोचत हुती."

माझं डोकंच फिरलं. सोनईत वीस वर्षं मी दातांचा दवाखाना चालवते. कवळी ज्याच्या त्याच्या हिरडीच्या मापाने बनते. जरा फरक पडला की टोचते, नाहीतर निसटते. बाबांना बाजरीची भाकरी पुन्हा चावता यावी म्हणून मी ही कवळी चारदा बसवून पाहिली होती. आणि बाबांनी ती गोठ्यात बसून घासली!

"मी काय मेले होते? यायचं ना दवाखान्यात!"

"कांदा काढनी चालू हुती," बाबा पुटपुटले.

त्यांना चांगलं फैलावर घेतलं. मग तोंड उघडायला लावलं. जिभेच्या डाव्या कडेला शेंगदाण्याएवढी जखम होती. कवळीची कड लागून अशा जखमा होतात. आम्ही कड थोडी घासून देतो आणि पंधरा दिवसांनी बोलावतो. मी सवयीने मशीन हातात घेतलं, पण घासायला काही उरलंच नव्हतं. बाबांनी नेमकी टोचणारी जागा धरली होती आणि गुळगुळीतही केली होती.

"घासून किती दिवस झाले?"

बाबांना आठवेना. दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या मंडळी, सुमनबाई, म्हणाल्या, "महिना झाला की. आन् पंधरा दिस कवळी डब्यातच हाय, तरी जखम भरंना. तंबाकू सोडा म्हनते, तर आयकत न्हाईत."

मी मशीन खाली ठेवलं. टोचणारी वस्तू दूर झाली की तोंडातली जखम साधारण दोन आठवड्यांत भरते. ही भरली नव्हती, आणि तिच्या कडा बोटाला घट्ट लागत होत्या. दोष कवळीचा नव्हता. मला भीती वाटली, आणि मघाच्या ओरडण्याची लाजही.

त्याच दिवशी चिठ्ठी देऊन त्यांना नगरला पाठवलं. तिथे बायॉप्सी झाली, म्हणजे जखमेचा कणभर तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला, पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशनमध्ये जिभेची थोडी कड गेली.

चार महिन्यांनी बाबा आले. बोलणं जरा बोबडं झालंय. भाकरी दुधात कुस्करून खातात. तंबाखू सुटली. त्यांनी कागदात गुंडाळलेली कानस माझ्या टेबलावर ठेवली.

"नवी कवळी बनवा. घासायचं काम आता तुमचं."

ती कानस अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. बाबांनी कवळी घासली नसती तर मी घासली असती, 'पंधरा दिवसांनी या' म्हटलं असतं, आणि कांदा आवरून ते दोन महिन्यांनी उगवले असते. पेशंटला रागवायचं असेल तर आधी त्याचं तोंड नीट बघून घ्यावं. मग बऱ्याचदा रागवायचं राहूनच जातं.