कुरकुर

त्याचं नाव मी विचारलं नाही. कुपवाडच्या कारखान्यांच्या रांगेत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मी बायकोचा जुना कॉम्प्युटर घेऊन गेलो होतो. ती त्यावर लोकांच्या लग्नपत्रिका तयार करून द्यायची. ती गेली, आणि आता तोही सुरू व्हायला पाव तास घेऊ लागला होता.

त्यानं खोका उघडून चालू केला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हार्ड डिस्कवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"आदी कारखान्यात हुतो. बेअरिंग असंच ऐकायचो," म्हणाला आणि मूठ माझ्याकडे दिली. "ऐका की तुमी."

आत बारीक कुरकुर चालली होती. दुपारी मी पेपर घेऊन आडवा व्हायचो, तेव्हा हीच ऐकू यायची. सोबत तिचीही असायची: लोक मजकूर वेळेवर देत नाहीत, तुम्ही उठून चहा तरी टाका.

त्यानं सगळं नव्या एसएसडीवर, म्हणजे आत काहीच न फिरणाऱ्या डिस्कवर, उतरवलं. ती पत्त्यांच्या कॅटाएवढीसुद्धा जाड नव्हती.

"लय पळंल आता. पण हिला आवाज न्हाई. जुनी कुरकुर करून सांगती तरी. ही जाताना एक शबूद बोलायची न्हाई. कॉपी काढून ठेवत जावा."

घरी बटण दाबून सवयीनं चहा टाकायला उठलो, तोवर तिच्या पत्रिकांच्या फायली समोर दिसल्यासुद्धा. खोलीत कसलाच आवाज नव्हता. तरी मी चहा टाकला, आणि सवयीनं दोन कप आधण ठेवलं.