टीव्हीखालचा लोड

समस्त सीमाभागाला अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, गेल्या रविवारी सकाळी निपाणीतल्या एका नव्या हॉलमध्ये मानवजातीच्या भवितव्याचा प्रश्न चर्चेला आला होता. डबा एक असावा, की दोन?

मी बेळगावात खडेबाजारात होम थिएटरचं दुकान चालवतो. घरोघरी जाऊन वायरी ओढतो, आवाज लावून देतो. सिनेमाचा आवाज घरात नीट वाजवायला दोन जण राबतात. कुठला आवाज कुठल्या स्पीकरला पाठवायचा हे ठरवणारा मेंदू, आणि त्यात जोर भरणारे दंड. रिसीव्हरमध्ये दोघं एकाच डब्यात नांदतात. सेपरेट्स म्हणजे मेंदूचं घर वेगळं, दंडांचं वेगळं. सिनेमागृहाएवढ्या खोलीला ते शोभतात. सचिनच्या बेताच्या हॉलला मी रिसीव्हर बसवून दिला होता.

शनिवारी त्याचा फोन आला.

"अण्णा, ह्या रिसीव्हरात दम न्हाय. सेपरेट्स घेऊन या."

"आवाज कमी पडतोय?"

"आवाज लई हाय. शेजारी येऊन गेले. पण बोलणं कळत न्हाय. आप्पांना तर एक शब्द कळंना."

खरं सांगतो, माझ्यातला दुकानदार काउंटरमागे नाचला. गिऱ्हाईक आपल्या पायांनी मोठ्या मालाकडे चाललेलं असताना त्याला अडवायचं नसतं. दोन्ही डबे गाडीत घातले आणि निघालो.

सचिन दारातच भेटला. त्याचे वडील, आप्पा, साखर कारखान्यात मिलच्या यंत्रांजवळ उभं राहून निवृत्त झालेले. कान तिथेच ठेवून आले म्हणायचे. घरात सगळे हसले की तेही हसायचे, जरा उशिरा. "हॉल त्यांच्यासाठीच केला, अण्णा," सचिन म्हणाला. "आणि बघा, कुठं बसल्यात."

आप्पा बाहेर कट्ट्यावर होते. मी त्यांच्या कानाशी वाकलो. "आत चला की."

"मी हितंच बरा. आवाजानं डोकं उठतंय नुसतं." मग हळूच म्हणाले, "पोराला सांगा, आता आणि काय आणू नको. ह्या कानाला काय करशील? मी ती मालिका तेवढी बघतो. त्यातली थोरली सून लई गुणाची. सासऱ्याला रोज आपल्या हातानं औषध देती."

सचिनची बायको सीमा चहा घेऊन आली होती. तिने खाली मान घातली आणि लगबगीने आत गेली.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि रिसीव्हर दिसेना. त्याच्या जागी हत्ती, गोपुरं आणि तुळशीवृंदावन होतं. सचिनच्या आईने, आक्कांनी, स्वतः कसुतीचं भरतकाम केलेलं कव्हर. रिमोट अजून प्लॅस्टिकमध्येच.

"आक्का, ह्याला वारं लागतं. गरम होऊन बंद पडेल."

"मग काल दुपारी गप झालतं ते त्यानं व्हय? नवी वस्तू उघडी कशी ठेवायची? धूळ बसतिया."

वायरी काढायला मी गुडघ्यावर बसलो. टीव्हीच्या खाली एक लहानसा लोड आडवा ठेवलेला. त्यावर मोर.

"इथे लोड कशाला ठेवलाय?"

"लोड कुठला? तुमचाच स्पीकर हाय की त्यो. चांगलं जाड अस्तर लावलंय."

मंडळी, तो सेंटर स्पीकर होता. सिनेमातली माणसं जे बोलतात, ते बहुतेक सगळं त्याच्यातून येतं. बाजूचे उंच स्पीकर उघडे होते, कारण आक्कांचं कापड संपलं होतं. म्हणजे गाड्या, ढोल, वादळं मोकळी सुटलेली आणि माणसं बिचारी अस्तराखाली बोलत होती.

मी दोन्ही कव्हरं काढली. आक्कांचा चेहरा उतरला.

"वाया जात नाही, आक्का. डब्याच्या खाली अंथरा. हत्ती पुढून दिसतील."

"व्हय? दिसतील न्हवं?"

"तरी सेपरेट्स लावून बघूया की," सचिन म्हणाला. त्याने इंटरनेटवर बरंच वाचलं होतं.

"लावू. आधी आप्पांना आत बोलाव."

सेटिंगमध्ये जाऊन मी सेंटरचा आवाज थोडा वर घेतला, बाकीच्यांचा खाली. रविवारी मालिकेचे आठवड्याचे भाग पुन्हा लागतात. सीमाने तेच लावलं. आप्पा आले, उठून जायच्या बेतानेच सोफ्याच्या कडेला टेकले. पडद्यावर थोरली सून पेल्यात चमचा फिरवत स्वतःशीच बोलत होती. आप्पा पुढे झुकले. मग हळूहळू मागे रेलले. सचिन पडद्याकडे बघतच नव्हता, तो आप्पांकडे बघत होता. सेपरेट्सचं नाव पुन्हा निघालं नाही.

डबे आले तसे गाडीतून खडेबाजारात परत गेले. धडा एवढाच, की डबा बदलण्याआधी त्याचं कव्हर काढून बघावं. हा धडा माझ्या धंद्याला फारसा परवडणारा नाही. पण त्या दिवशी आप्पा जे मोठ्याने बोलून गेले, ते ऐकायला मी पुन्हा निपाणीला जाईन.

"अगं सीमा, ही औषधात विष कालवतिया व्हय? आन् मी तुला वर्षभर सांगतोय, हिच्यावानी वाग म्हणून."