आत्याच्या अंगातली देवी

आमच्या आत्याच्या अंगात देवी यायची, तीही नेमकी लग्नाच्या मांडवात. आत्या घिवली गावची धवलारीण. हळदीपासून वरात परत येईपर्यंत प्रत्येक विधीची गाणी, म्हणजे धवले, तिच्या तोंडूनच व्हायची. जेवण झालं की ती उभ्याने गायला लागायची आणि मध्येच डोळे फिरून खाली बसायची. बायका लगबगीने कुंकू लावायच्या, कुणी मुलाच्या नोकरीचं विचारून घ्यायची. भानावर आल्यावर आत्या म्हणायची, "मला काय ठावं? आली नि गेली."

मान तिला आवडायचा, हे मात्र खरं. सुपारी द्यायला आलेल्यांना ती बजावायची, "लगीन तुमचं, मांडव माझा हाय."

मी बोईसरच्या कारखान्यात लागले, तेव्हा तिथे तपासणीला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना हे गमतीने सांगितलं. त्या हसल्या नाहीत. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का, एवढंच त्यांनी विचारलं. माझे बाबा, आत्याचे धाकटे भाऊ, जाळं ओढता ओढता होडीतच गेले होते. दर्यातल्या बाधेने नेलं, असं गाव आजही सांगतं.

असा आजार घराण्यात उतरतो, असं बाई म्हणाल्या, म्हणून आत्याच्या हृदयाचा इको पालघरला काढला. हृदयाच्या आतली भिंत जाड होऊन रक्ताची वाट अडत होती, चक्कर त्याचीच. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, छाती उघडायची गरज नाही. मांडीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊ आणि अल्कोहोलचे थेंब सोडून तेवढाच जाड भाग वाळवू. धोका यातही होता, तोही त्यांनी लपवला नाही.

"पावसात दार फुगतं, तसं झालंय म्हणा की," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "जल्मात ताडीला शिवले नाय, नि आता काळजात ओतून घेते."

पुढच्या लग्नात तिने सगळा धवला उभ्याने म्हटला. बायका कुंकू घेऊन ताटकळल्या. शेवटी एक म्हातारी कुजबुजली, "आता हिच्या अंगात काय नाय राहिलं." माझं डोकंच फिरलं. आत्या शांतपणे म्हणाली, "देवी आता उभी राहून ऐकते."

माझं लग्न ठरलं तेव्हा तिने सुपारी घेतलीच नाही. "आधी छाती दाखव. तुझा बाप तुटलेल्या धवल्यासारखा अर्ध्यावर गेला. तुझ्या लग्नात मला तसं गायचं नाय."

मी रागारागाने इको काढला. माझीही भिंत जाड निघाली, थोडीच, गोळ्यांवर भागणारी. हे मी तिला सांगितलं. हळदीच्या दिवशी गाता गाता तिचा पिवळा हात माझ्या छातीवर थांबला. आयुष्यात पहिल्यांदा शुद्धीत असताना तिने धवला मध्येच तोडला.

"ही देवी तुझ्याकडं यायला नको होती," ती हळूच म्हणाली. "आली हाय, तर गोळी चुकवू नको." आणि पुढची ओळ उचलली.

आत्या गेल्या उन्हाळ्यात गेली. पिकल्या वयात, झोपेत. तिच्यावाचून मांडव सुना वाटतो. सकाळची गोळी मी अजून एकदाही चुकवलेली नाही.